सांभर सरोवर : पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी सल्ला हवा

अबोली : येत्या हंगामात राजस्थानातील सांभर या खाऱ्या पाण्याच्या सरोवरास जाण्याचा विचार आहे. माझ्याकडे ७०-३०० मिमी लेन्स आहे. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी ती पुरेल, की २५ हजारांच्या आत दुसरी घ्यावी, आणि कोणत्या महिन्यात जावे, हे कृपया कळवावे.

गिरिमित्र : ३०० मिमीने पक्षी ठिपक्याएवढा येतो. मी २००-६०० घेतली आहे. लाखाच्या वर जाते, पण हौसेला मोल नाही.

धोंडोपंत : प्रश्न २५ हजारांचा आहे, गिरिमित्र. शिवाय तेथे लेन्सपेक्षा पाणी महत्त्वाचे. मेंढा आणि रूपनगढ या नद्या पावसाळ्यात जे पाणी आणतात त्यावरच सरोवर भरते, त्यामुळे पाऊस कमी झालेल्या वर्षी नुसते मीठ पाहून परतावे लागते. पाऊसमान पाहून डिसेंबर-जानेवारीची तिकिटे काढावीत.

उजनीकर : रोहितांसाठी एवढ्या लांब कशाला? उजनी धरणाच्या पाण्याकाठी भिगवणला ते आमच्या दारात येतात आणि नावाडी बेताच्या अंतरावर नेतो.

शेकाट्या : उजनीचे पाणी गोडे आहे, तेव्हा ही तुलना गैरलागू आहे. सांभरच्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या स्पिरुलिनासारख्या सूक्ष्मजीवांवर धाकटा रोहित पोसतो, म्हणून थोरला आणि धाकटा दोन्ही तेथे दिसतात. धाकट्याची चोच गडद किरमिजी, तर थोरल्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी असते.

उजनीकर : थोरला आमच्याकडेही आहे.

वाटसरू : चिखलाविषयी कोणीच बोलले नाही. आमच्या सोबत्याचा पाय वरून कोरड्या दिसणाऱ्या मिठाच्या पापुद्र्यातून थेट गुडघ्यापर्यंत काळ्या गाळात गेला, आणि कॅमेऱ्याच्या तिपाईच्या (ट्रायपॉडच्या) सांध्यांत मीठ शिरल्याने दुसऱ्या दिवशी तिचे पाय मिटेनात. बांध सोडून खाली उतरू नये, आणि मुक्कामी पोहोचताच तिपाई गोड्या पाण्याने धुवावी.

गिरिमित्र : माझी तिपाई कार्बन फायबरची आहे, तिला गंज लागत नाही.

वाटसरू : तिच्या स्क्रूंना लागतो.

शेकाट्या : ऊन चढले की मिठावरची हवा थरथरू लागते आणि ६०० मिमीतही पिसे विरघळल्यासारखी दिसतात, म्हणून उजाडतानाच बांधावर असावे. पांढऱ्या मिठामुळे कॅमेऱ्याचे मापन फसून चित्र काळवंडते; एक्स्पोजर (चित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश) अर्धा ते एक स्टॉप, म्हणजे प्रकाशाच्या मापाची पायरी, वाढवावे, मात्र पक्ष्याच्या पांढऱ्या पिसांतील तपशील जळत नाही ना, हे हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातील उजेड-अंधाराच्या आलेखावर) पाहावे.

धोंडोपंत : मेलेला पक्षी आढळल्यास हात न लावता वनखात्यास कळवावे. २०१९ च्या नोव्हेंबरात बोट्युलिझमने (जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या आजाराने) येथे हजारो पक्षी दगावले होते. आणि पुन्हा सांगतो, जानेवारी.

अबोली : सर्वांचे आभार. लेन्स घेत नाही. त्या पैशांत जीप आणि स्थानिक वाटाड्या करीन. जानेवारीत रजा नसल्याने दिवाळीच्या सुट्टीतच निघते. तेव्हा रोहित कमी दिसले तरी पाणी भरपूर असेल, आणि मला पाण्यातली प्रतिबिंबेच अधिक हवी आहेत.

गिरिमित्र : निदान २००-६०० भाड्याने तरी घ्यावी.