गच्चीवरच्या अंगतपंगतीला ३० जणांची कोशिंबीर, पाणी सुटू नये म्हणून काय करू?

मानेवाड्याची मी
मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या बिल्डिंगमध्ये उन्हाळ्यात एका शनिवारी गच्चीवर अंगतपंगत असते. पोरं तिला पॉटलक म्हणतात. माझ्या वाट्याला कोशिंबीर आली. दुपारी ४ ला काकडी किसली, त्यात दही, मीठ, साखर, दाण्याचा कूट, वरून हिंग-मोहरीची फोडणी, आणि डबा फ्रीजमध्ये ठेवला. रात्री ८ ला गच्चीवर झाकण उघडलं तर काकडी तळाला आणि वर चार बोटं पाणी. तळमजल्यावरच्या काकांनी वाटी तोंडाला लावली अन् म्हणाले, "मठ्ठा मस्त जमला जी!" मनापासून म्हणाले, हेच तर दुःख.

यंदाही कोशिंबीर माझ्याच गळ्यात. माणसं ३०, त्यातले दोघं दही खात नाहीत. गच्चीची फरशी ८ वाजताही चटका देते. भाजी मी सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून आणते. खेड्यातून आलेल्या बायका पोतं अंथरून बसतात, त्यांच्याकडे गावरान काकडी, कैऱ्या, पुदिना, कोवळी बरबटी (चवळीच्या शेंगा), सांभार (पुण्याच्या मंडळींनो, कोथिंबीर) असं सगळं मिळतं. यातूनच काहीतरी सुचवा. मेयोनीजवालं सॅलड कृपया नको. ४५ डिग्रीत ते घेऊन जिने चढायची माझी हिंमत नाही.

धरमपेठी
संत्र्याच्या फोडी घाला की! नागपूर म्हटल्यावर संत्रं पाहिजेच.

काटोलवाला
दादा, मे महिन्यात कुठून आणता संत्रं? आंबिया बहाराचं संत्रं दिवाळीच्या आगेमागे येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. आत्ता जे दिसेल ते शीतगृहातलं, नाहीतर बाहेरून आलेलं. त्यापेक्षा ताईंनी टरबूज न्यावं, चिरलं की झालं.

महालातली काकू
टरबूज कोणीतरी आणणारच आहे, बाई कोशिंबिरीचं विचारून राहिली.

बाई, तू मीठ चार तास आधी घातलंस, तिथेच गाडी घसरली. मीठ काकडीतलं पाणी ओढून बाहेर काढतं. ते थांबवता येत नाही, म्हणून पाणी घरीच काढून टाकायचं. मी १२ वर्षं मेस चालवली, उन्हाळ्यात रोज कोशिंबीर असायची, त्यावरून सांगते.

३० जणांना २ किलो काकडी पुरे, कारण बाकीचे पदार्थ असतातच. देठाकडचा इंचभर तुकडा काढून प्रत्येक काकडी चाखायची. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, कारण एक कडू निघाली की पातेलंभर वाया. मग उभी दोन फाकी करून चमच्याने बिया खरवडून काढ, पाणी जास्त तिथेच असतं. किसू नको, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे कर. चमचाभर मीठ चोळून अर्धा तास चाळणीत ठेव, मग स्वच्छ पंचात बांधून पीळ. वाटी-दोन वाट्या पाणी निघतं, ते ताकात घालून पिऊन टाक. पिळलेली काकडी झाकून फ्रीजमध्ये.

सोबत पाव किलो मुगाला मोड आण. कांदा अर्धा किलो, बारीक चिरून थंड पाण्यातून काढला की उग्रपणा जातो. लिंबू उन्हाळ्यात महाग होतं, त्याच्याऐवजी किसलेली कैरी. पण कैरीही पाणी सोडते, ती वेगळ्या डब्यात ने आणि वरच मिसळ. दाण्याचा कूट जाडसर ठेव, राहिलेला ओलावा तो पिऊन घेतो. फोडणी घरीच करून गार कर आणि बाटलीत घाल. गरम फोडणी ओतलीस की काकडी मऊ पडते.

दही त्यात घालूच नको. फडक्यात टांगून घट्ट कर आणि वेगळ्या भांड्यात ठेव. ज्याला पाहिजे तो घेईल, न खाणाऱ्या दोघांचाही प्रश्न मिटला. वरून जवसाची चटणी भुरभुरव. ती विदर्भात घरोघरी असते, पण कोशिंबिरीवर घालायचं कोणाला सुचत नाही, का कोण जाणे.

कळमन्याकडचा
काकू, मोड वाफवायचे ना? मी एका कँटीनच्या किचनमध्ये आहे. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, त्यातच जंतूही वाढतात. गच्चीवर उन्हाळ्यात कच्चे मोड मी तरी वाढणार नाही. आणि ३२ डिग्रीच्या वर हवा असली की असं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. मोठ्या परातीत बर्फ, त्यावर पातेलं. बर्फावर मूठभर खडेमीठ टाका, कुल्फीवाले टाकतात तसं, गारवा वाढतो.

महालातली काकू
वाफवायचेच, लिहायचं राहिलं. ५ मिनिटं वाफ द्यायची, मग ताटात पसरून पूर्ण गार करायचे. झाकून ठेवले तर घाम धरतात.

मानेवाड्याची मी
झाली परवा अंगतपंगत! सगळं वेगवेगळ्या डब्यांत नेलं आणि वर परातीत बसून कालवलं. शेवटच्या वाटीपर्यंत तळाला फक्त ओल होती, पाणी नाही. २ किलोतल्या दोन काकड्या कडूजहर निघाल्या, चाखल्या म्हणून वाचले. कैऱ्या मी तीन घातल्या, दोनच पुरल्या असत्या, पहिल्या घासाला सगळ्यांचे डोळे मिटत होते. जवसाची चटणी अर्ध्या लोकांतच संपली. खडेमीठ विसरले, पण साधा बर्फही पाऊण तास टिकला.

एकच गडबड झाली. बरबटी कोवळी दिसली म्हणून बारीक चिरून कच्चीच घातली, ती कचकच लागली. पोरांनी वेचून वेचून ताटाच्या कडेला लावली.

महालातली काकू
बरबटी मी सांगितलीच नव्हती बाई. घालायचीच असेल तर आधी वाफव.