मदत हवी आहे : कादंबरीतलं १९७९ सालचं दत्तकपत्र २००४ मध्ये कोर्टात पाडता येईल का?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. एक गुन्हेकथा लिहितोय. निम्मी झाली आहे, पण कायद्याच्या एका मुद्द्यावर अडलोय.

कथा अशी : सोलापूरच्या पूर्व भागातला, पद्मशाली या विणकर समाजातला यंत्रमाग कारखानदार. मूलबाळ नाही. १९७९ मध्ये तो आपल्याच मागावरच्या कामगाराचा तान्हा मुलगा दत्तक घेतो. त्या कामगाराची उचल माफ होते. दत्तकपत्र रीतसर नोंदवलेलं, पण त्यावरचा आईचा अंगठा दुसऱ्याच बाईचा. खऱ्या आईला, घरी विड्या वळणाऱ्या त्या बाईला, मूल दगावलं म्हणून सांगितलंय. बाळाच्या मोठ्या बहिणीने मात्र तेव्हाच सगळं पाहिलंय. २००४ मध्ये कारखानदार मृत्युपत्र न करता जातो, बायको आधीच वारलेली. पुतण्या उठतो आणि म्हणतो, हा आमच्या घरातला नव्हेच. त्याच सुमारास, गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, होम मैदानावर शोभेचं दारूकाम चालू असताना, तो अंगठा उठवून घेणाऱ्या जुन्या कारकुनाचा खून होतो. खून बहिणीने केलाय. पण त्यामुळे लबाडीचा एकमेव साक्षीदार जातो आणि भावाची इस्टेट वाचते! तिला हे ठाऊक नसतं.

मी वाचलंय ते असं : १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात आईच्या संमतीशिवाय बाप मूल देऊ शकत नाही. दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर दत्तक कायदेशीर झालं असं कोर्ट धरून चालतं, खोटं पाडायची जबाबदारी विरोधकावर. आणि मुदत कायद्यानुसार दत्तक अवैध ठरवून मागायचं तर ते कळल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो.

माझी अडचण इथेच आहे. दत्तक घेतल्याचं पुतण्याला पूर्वीपासून माहीत आहे, अंगठ्याची लबाडी २००४ मध्ये कळते. मग ३ वर्षं कधीपासून मोजायची? आणि खरी आई हयात असेल तर तिच्या अंगठ्याचा ठसा जुन्या ठशाशी ताडून बघायला कोर्ट सांगेल का? दिवाणी कामं करणाऱ्या वकिलांनी कृपया लिहावं. सोयीचं उत्तर नको, खरं तेच हवं. त्यासाठी कथा बदलावी लागली तरी चालेल.

दुसरी विनंती दत्तक गेलेल्यांना, किंवा ज्यांच्या घरात दत्तक मूल आहे त्यांना. असल्या कथांत दत्तक मुलगाच शेवटी खुनी निघतो, वर 'रक्ताचा गुण' म्हणून मोकळे होतात. मला ते अजिबात नको आहे. माझा नायक सरळ माणूस आहे, वाढवणाऱ्या बापावर त्याचा जीव आहे. त्याच बापाने आपल्याला जन्मदात्या आईपासून तोडलं, हे त्याला पंचविशीत कळतं. त्यानंतरचं पहिलं प्रकरण मला जमत नाहीये. तो आधी रागावेल की आधी आईला शोधायला निघेल? बापाच्या तेराव्याला बसेल का? मोकळेपणाने लिहा. इथे सांगणं अवघड वाटत असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा, तुमची ओळख कादंबरीत कुठेही येणार नाही.