आणीबाणीत मान तुकवलेल्या पेपरांना माफ करायचं का?

खिळेवाल्याचा_मुलगा:
वडील ७५ साली पुण्यात एका छापखान्यात कंपोजिटर होते. सेन्सॉरकडून प्रूफ परत यायचं ते काटाकाट होऊन, आणि काढलेल्या मजकुराची जागा कोरी ठेवायची पण सोय नाही, कारण २८ जूनला इंडियन एक्सप्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती आणि पुढे त्यालाही मनाई झाली. मग रात्री अकराला जुळवलेले खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) काढून तिथं औषधाची जाहिरात नाहीतर पावसाचा अंदाज बसवायचा, म्हणजे इथं काही होतं हे वाचणाऱ्याला कळायलाच नको. मालकांनी शेपूट घातली हे मला आजही पटत नाही.

रवी_कऱ्हाड:
बोलायला सोपंय हो. सरकारी जाहिराती बंद झाल्या, वीज तोडली, तर शंभर कामगारांच्या घरची चूल कोण पेटवणार? तुमच्या वडिलांचा पगारही त्यातूनच येत होता ना. पेपर तगले म्हणून तर ७७ च्या निवडणुकीच्या बातम्या छापायला कुणीतरी शिल्लक होतं. प्रत्येकाला एक्सप्रेसचे मालक रामनाथ गोयंका होणं परवडत नाही.

मुंबईकर_ताई:
रवी, मग मिनू मसानींचं काय? 'फ्रीडम फर्स्ट' हे त्यांचं छोटंसं मासिक, ना मोठा छापखाना ना बक्कळ पैसा. सेन्सॉरने मजकूर नाकारला तर हा माणूस सरळ हायकोर्टात गेला आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, जिंकला! सगळ्या पेपरांना एकाच वाऱ्याला शिडं लावायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही, असं कोर्टाने सुनावलं. दार उघडं होतं, मोठ्यांनी ठोठावलंच नाही.

रवी_कऱ्हाड:
ताई, मासिक महिनाभर थांबू शकतं, दैनिकाला रोज पहाटे स्टँडवर जावं लागतं. कोर्टाची तारीख पडेपर्यंत अंक शिळा होतो.

खिळेवाल्याचा_मुलगा:
हे मान्य, दैनिकाचं गणित वेगळं. पण वडिलांनी जपून ठेवलेलं एक प्रूफ माझ्याकडे आहे, त्यात कापलेली बातमी रेशनच्या रांगेची आहे, सरकारविरुद्ध एक शब्द नाही. आणि ती काट सेन्सॉरची नाहीच, आमच्याच उपसंपादकाची, पाठवायच्या आधीच मारलेली. त्याला कुणी सांगितलं होतं?

रवी_कऱ्हाड:
त्याला घरी तीन पोरं असतील. मी त्याला दोष देणार नाही. मालकाला द्या हवं तर.