मायाळूची पानं बारीक का येतायत?

कुंडीतला मायाळू मस्त वर चढला होता पण आता पानं एकदम बारीक येतायत आणि पेरापेरावर गुलाबी-पांढऱ्या कळ्या, खत कमी पडतंय का?

> खताचं नाही हो, दिवस लहान झाले की तो फुलावर येतोच. शेंडे खुडत राहा म्हणजे बाजूने फुटवे येतील, आणि माती कोरडी पडू देऊ नका.

> +१. पण जून वेलाला किती दिवस कुरवाळणार, वीतभर काडी कापून ओल्या मातीत खोचा, पेरातून मुळं फुटतात. काळी-जांभळी फळं पिकली की बियाही ठेवा, कडक असतात, रात्रभर भिजवून पेरायच्या. बोटं रंगतात मात्र 😄

ओके थँक्स! पानांवर लालसर कडेचे गोल ठिपकेपण आहेत..

> बुरशी असणार. ती पानं काढून टाका, पाणी बुंध्याशीच घाला.