फर्नेस तीनदा पेटून थांबते, त्याबद्दल

सायली : विनायककाका, तुमचा सल्ला हवा आहे. या मोसमात परवा पहिल्यांदा घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस लावली, तर ज्योत पेटते, चार-पाच सेकंद जळते आणि विझते. असे तीनदा होऊन यंत्र पूर्ण थांबते आणि वीज बंद करून पुन्हा लावली की हेच चक्र सुरू होते. मागच्या वर्षी तपासणी राहून गेली, हे आधीच कबूल करते. आलोकचे म्हणणे असे आहे की एवढी थंडी कशीबशी काढू आणि मग दुरुस्तीचा माणूस बोलावू.

विनायककाका : सायली, तुझी फर्नेस तिचे काम चोख करते आहे. बर्नरसमोर धातूची एक बारीक दांडी असते, तिला फ्लेम सेन्सर म्हणतात. ज्योत या दांडीला लागली की ज्योतीतून काही मायक्रोअँपिअर इतकाच प्रवाह वाहतो आणि तेवढ्यावरून नियंत्रक ओळखतो की गॅस खरोखरच जळतो आहे, नुसता साचत नाही. दांडीवर पुटे चढली की हा प्रवाह क्षीण होतो. मग ज्योत डोळ्यांना दिसत असली तरी नियंत्रकाच्या लेखी ती नसते आणि तो काही सेकंदांत गॅसची झडप मिटतो. तुझ्या वर्णनावरून पहिला संशय या दांडीवरच जातो. कारागीर ती बारीक स्टील वूलने हलकेच पुसतो, काम दहा मिनिटांचे आहे. वीज पुन्हा पुन्हा बंद-चालू करून मात्र फर्नेस पेटवत बसू नकोस. ती तीन प्रयत्नांनंतर थांबते ते अडून बसायचे म्हणून नव्हे, न जळलेला गॅस साचू नये म्हणून.

मंदार : काका, आमच्याकडची तक्रार वेगळी होती. ज्योत टिकायची, पण फर्नेस दर काही मिनिटांनी बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची. हवा गाळणारा फिल्टर काढून पाहिला तर तो धुळीने गोधडीसारखा झाला होता. नवा घातल्यापासून सुरळीत चालते आहे, त्यामुळे मी तो विषय संपला असे धरले.

विनायककाका : मंदार, तो विषय संपला असे मी तरी धरणार नाही. फर्नेसच्या पोटात हीट एक्स्चेंजर नावाच्या धातूच्या नळ्या असतात. त्यांच्या आतून ज्वलनाचा धूर जातो, बाहेरून घरातली हवा जाते आणि या दोन हवांमध्ये फक्त पातळ पत्रा असतो. फिल्टर तुंबला की नळ्यांबाहेरून जाणारी ही हवा कमी पडते, पत्रा प्रमाणाबाहेर तापतो, मग तापमानावर लक्ष ठेवणारा लिमिट स्विच बर्नर बंद करतो आणि पत्रा निवला की पुन्हा पेटू देतो. तुला जी नुसती चालू-बंद वाटली, ती प्रत्येक वेळी त्या पत्र्याची ताण-ओढ होती. अशी ताण-ओढ महिनोन्महिने चालली की वाकणात किंवा सांध्यावर चीर पडते. फिल्टर तू बदललास, पण पत्र्याचे काय झाले आहे हे अजून कोणी पाहिलेले नाही. माझे आयुष्य कारखान्यातल्या बॉयलरपाशी गेले. घरची फर्नेस त्यामानाने खेळण्याएवढी, पण पत्र्याचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच असतो.

मंदार : चीर पडली आहे का, हे घरच्या घरी कळते का?

विनायककाका : खात्रीने कळत नाही, संशय घेता येतो. बर्नर पेटल्यावर साधारण अर्धा ते एक मिनिट मोठा ब्लोअर, म्हणजे घरात गरम हवा सोडणारा पंखा, सुरू होत नाही, कारण आधी पत्रा तापायचा असतो. तेवढा वेळ निरीक्षणाच्या काचेतून ज्योतीकडे पाहत राहा. ती निळी, सरळ आणि स्थिर हवी. ब्लोअर सुरू होताच ज्योत डुलली, एका बाजूला कलली किंवा पिवळी झाली, तर ब्लोअरची हवा कुठून तरी आत शिरते आहे असे समज, फर्नेस बंद कर आणि माणूस येईपर्यंत लावू नकोस. मात्र ज्योत स्थिर दिसली म्हणून चीर नाही असे ठरत नाही. ते तपासणाऱ्यानेच पाहायचे असते. एक विचारायचे राहिले. पुढचे झाकण काढले की फर्नेस आपोआप बंद पडायला हवी. तुझी पडते ना?

मंदार : (थोडे संकोचाने लिहितो आहे.) त्या झाकणामागचा बटणासारखा स्विच मी काळ्या टेपने दाबून ठेवला आहे. झाकण नीट बसत नव्हते आणि फर्नेस सुरूच होईना.

विनायककाका : ती टेप आज काढ. झाकण सैल असताना ब्लोअर चालला, तर तो खोलीतली हवा नव्हे, फर्नेसच्या आसपासची हवा ओढतो. तिथे धूर गळत असेल तर तोच घरभर पोहोचवतो.

शुभदामावशी : विनायकरावांच्या बोलण्यात एक भर घालते, कारण रुग्णालयात असे रुग्ण मी पाहिले आहेत. त्या धुरात असणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही आणि वासही नाही. गॅस गळल्यावर जो उग्र दर्प येतो, तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो. धुरातून येणाऱ्या या वायूला तसला दर्प नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे होते आणि माणूस सर्दी-ताप समजून अंथरुणात पडून राहतो, म्हणजे त्याच हवेत राहतो. घरातल्या सगळ्यांना एकदमच त्रास होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर ताबडतोब बाहेर पडा आणि मदत बाहेरूनच बोलवा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते, त्यामुळे रुग्ण अत्यवस्थ असतानाही तो ९८ दाखवू शकतो.

सायली : मावशी, हे वाचून आलोकने थंडी काढण्याचा मुद्दा मागे घेतला. उद्या सकाळी माणूस येतो आहे. काका, दांडी पुसून घेण्याखेरीज त्याला काय सांगू?

विनायककाका : दांडी ही आजची अडचण आहे, वार्षिक तपासणी तिच्याही पुढची. नुसते झाडून-पुसून, सही करून तो निघाला तर ती स्वच्छता झाली, तपासणी नव्हे. एक्स्चेंजर आतून पाहायला सांग आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड यंत्राने मोजून आकडा कागदावर लिहून घे, म्हणजे पुढच्या वर्षी तुलनेला काही हाती असेल. गॅसचा दाब, धूर ओढणारा छोटा पंखा आणि धूर बाहेर नेणारा पाइप हेही त्यात आले. तुझी फर्नेस धुरातल्या वाफेचे पाणी करून बाहेर सोडणाऱ्या (कंडेन्सिंग) प्रकारातली असेल, तर त्या पाण्याच्या वाटेतला ट्रॅप साफ करायला सांग. पाइपचे बाहेरचे तोंड पाखरांच्या घरट्याने किंवा बर्फाने बुजले नाही ना, हे तू आजच पाहू शकतेस. फिल्टर दर महिन्याला पाहायचा आणि त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवून बसवायचा, एवढे तुमच्या हातात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म शयनगृहापाशी आहे ना?

सायली : आहे. आत्ताच भिंतीवरून काढून पाहिला. मागे छापलेली मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली आहे. पण बटण दाबले की अजून खणखणीत वाजतो.

विनायककाका : त्या बटणाने भोंगा आणि वीज तपासली जाते, आतला सेन्सर नाही. उद्या तपासणी झाली तरी नवा अलार्म लागल्याशिवाय फर्नेस रात्री चालवू नकोस.

मंदार : टेप काढली. झाकणाची वरची खाच वाकलेली होती. पक्कडीने सरळ केल्यावर झाकण व्यवस्थित बसले. फर्नेस मात्र बंदच ठेवली आहे, माणूस परवा येईल.