साफसफाईचा तक्ता अकराव्या दिवशी फसला. कुणाच्या घरी चाललाय का?

जुळे_सोलापूरची_सून

घरात आम्ही सहा जण. सासू-सासरे, आम्ही दोघं, थोरली नववीत, धाकटा पाचवीत. मी एका पतसंस्थेत कामाला, मिस्टर चिंचोळी एमआयडीसीत, त्यांची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. धुण्याभांड्याला मावशी यायच्या. दिवाळीनंतर सुनेच्या बाळंतपणाला गावी गेल्या त्या गेल्याच. वर जानेवारीत गड्ड्याची यात्रा बघायला पाहुणे, म्हणजे आमच्याकडे आठ दिवस अंथरुणं उचललीच गेली नाहीत.

पाहुणे गेल्यावर एका रविवारी बसून मी तक्ता केला. सोमवारी बाथरूम-संडास, मंगळवारी जाळी-जळमटं, बुधवारी सगळ्या घराची फरशी, गुरुवारी चादरी-पडदे, शुक्रवारी स्वयंपाकघराच्या टाइल्स, शनिवारी जिना आणि पोर्च, रविवारी कपाटं. प्रत्येक कामापुढे नाव. रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेट केली, फ्रीजला लावली. पहिल्या आठवड्यात धाकट्याने स्केचपेनने बरोबरच्या खुणा करायला एवढा उत्साह दाखवला की न झालेल्या कामांवरही केल्या.

दुसरा गुरुवार. तक्त्याप्रमाणे चादरी. सकाळी कामावर जायच्या आधी पाच चादरी टबात भिजवल्या, त्यातल्या तीन आपल्या सोलापुरी. संध्याकाळी येऊन नळ सोडला तर नुसती फुसफुस. टाकी तळाला. आमच्याकडे पाणी चार दिवसांआड येतं, आधीचं आलं होतं रविवारी रात्री. मिस्टर बाथरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "चार बादल्या उरल्यात. तुझ्या चादरींना का माझ्या आंघोळीला?"

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत टबाला वास सुटला. पाणी आलं रात्री ११:४० ला. सगळे झोपलेले. मी एकटी साडेबारा वाजता चादरी खळबळत बसले. सोलापुरी चादर कोरडी असते तेव्हा प्रेमाची, भिजली की म्हशीचं रेडकू. एकीला उचलून दोरीवर टाकेपर्यंत कंबर गेली.

तक्ता तेव्हाच काढला. आता त्याच्यावर सासूबाई शेंगा निवडतात. लॅमिनेट असल्यामुळे टरफलं झटकायला बरं पडतं म्हणे.

तर विचारायचं असं, की पाच-सहा माणसांच्या घरात कामाची वाटणी तुम्ही कशी लावता? लावता का मुळात?

नवी_पेठ_७०

तक्ते कसले करता. दुसरी बाई ठेवा आणि मोकळ्या व्हा. आमच्या आईने सात जणांचं घर एकटीने सांभाळलं, फ्रीजला कागद न लावता.

जुळे_सोलापूरची_सून

बाई मिळाली की कळवते. आणि आईंना एकदा विचारून बघा, त्यांना कागद लावायला आवडला असता का.

मागवाला

ताई, मी अशोक चौकाच्या बाजूचा. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, खाली चार माग, वर आम्ही राहतो. बायको, आई, दोन पोरं.

तुमचा तक्ता बघून एकच गोष्ट कळली. तुम्ही वार लावलेत. वार पुण्या-मुंबईच्या घरांना, जिथं नळ रोज येतो. चार दिवसांआड म्हणजे दर पाचव्या दिवशी, आणि आठवडा सात दिवसांचा. पाच आणि सात जुळणार कुठं? या गुरुवारी टाकी भरलेली, पुढच्या गुरुवारी कोरडी. पहिल्या आठवड्यात तुमचं जमलं कारण पाणी मंगळवारी आलं असणार. हिशेब करून बघा.

आमच्याकडे वारच नाहीत. पाण्याचा दिवस, मग दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, एवढंच. पाणी रात्री आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी चादरी, पडदे, पोरांचे युनिफॉर्म, जे जे भिजवायचं ते सगळं. त्यातलं शेवटचं खळबळलेलं पाणी बादल्यांत धरून ठेवायचं, त्यावर बाथरूम, संडास आणि पोर्च निघतो. म्हणजे धुणं आणि बाथरूम एकाच दिवशी. तुमच्या तक्त्यात ते सोमवारी आणि गुरुवारी आहेत, म्हणजे दोनदा पाणी. तिसऱ्या दिवशी फरशी. घरी आरओ असेल तर त्याचं सोडलेलं पाणी ड्रममध्ये घ्या, प्यायच्या एका लिटरमागे दोन-तीन लिटर तरी वाया जातं, फरशीला ते चालतं. चौथा-पाचवा दिवस कोरडा. झाडलोट, जळमटं, कपाटं, डबे, पंखे.

पंख्याचं खास सांगतो, कारण आमचं त्यातच आयुष्य गेलंय. खाली माग चालतात, सुताची लव वर येते आणि पात्यांवर बसते. त्याला ओलं फडकं लावलं की चिखल होतो. जुना उशीचा अभ्रा घ्यायचा, पात्यावर पिशवीसारखा चढवायचा, दोन्ही बाजूनं दाबून ओढायचा. सगळी लव अभ्र्यात, अंथरुणावर एक कण नाही. अभ्रा गच्चीवर झटकायचा. आत्ताच करून घ्या, एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या पुढं पंखा बंद ठेवायला घरात कोणी देत नाही.

हे काम माझं. पहिल्यांदा स्टुलावर चढलो तेव्हा मित्र खालून ओरडला, "काय करलाला बे?" म्हटलं, माग बंद पडलाय तो दुरुस्त करलालोय. गेला बिचारा.

सिस्टरबाई

मागवाल्यांनी छान सांगितलं, पण एक काम राहिलं आणि ते सगळ्यात आधीचं. पाणी यायच्या आधी, म्हणजे पाचव्या दिवशी संध्याकाळी, ड्रम-पिंपं रिकामी असतात. तेव्हाच आतून घासायची.

मी तीस वर्षं आरोग्य खात्यात काढली, घरोघर जाऊन ड्रममध्ये बॅटरी मारून बघायचं काम केलंय. लोक म्हणायचे, सिस्टर, आम्ही पाणी रोज ओतून देतो. ओतून उपयोग नसतो. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या अंगाला. ती तिथंच चिकटून राहतात, कोरडी झाली तरी महिनोन्महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आम्ही सांगत फिरायचो. तुमच्याकडे पाचव्या दिवशी ड्रम आपोआप रिकामा होतोय, तर ब्रशने, नाहीतर काथ्याने, वरच्या काठापर्यंत घासून घ्या. नुसता तळ घासू नका, सगळे तेच करतात. झाकण नसेल तर जुन्या धोतराचं फडकं दुहेरी करून घट्ट बांधा.

आणि मुलांना बाथरूम द्याल तर एक सांगून ठेवा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर कधी एकत्र करायची नाही. दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होईल असं वाटतं, पण त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. पाचवीतल्या मुलाला यातलं काहीच देऊ नका, त्याला ड्रमचं झाकण आणि चपलांचं कपाट द्या.

बोअरच्या पाण्याचे नळावर पांढरे थर बसले असतील तर लिंबू पिळून झाल्यावर त्याची साल तिथंच घासा, अर्धा तास राहू द्या. विकतचं काही लागत नाही.

हिशेबी_वहिनी

पाण्याचं झालं. आता माणसांचं बघू. ताई, तक्ता शेंगांखालून काढा आणि नावं मोजा. कुणाच्या नावावर किती कामं? खरं सांगा.

आणखी एक. रात्री पाणी आलंय का हे बघायला उठायचं काम तक्त्यात कुणाच्या नावावर आहे?

जुळे_सोलापूरची_सून

मोजली. आणि वहिनी, मोजल्यावर तुमचा जरा रागच आला.

एकूण २२ कामं. माझी ११. सासूबाईंची ४, गुडघे दुखत असताना. थोरलीची ३, धाकट्याची २, मिस्टरांची २. ती दोन म्हणजे "बाजार" आणि "लाइट बिल". लाइट बिल महिन्यातून एकदा, तेही मोबाइलवर. तक्ता मीच केला होता, कुणी माझ्या हातात पेन धरून लिहून घेतलं नव्हतं. पाण्याला उठायचं काम त्यात नव्हतंच. ते मला काम वाटतच नव्हतं.

सासऱ्यांची ० होती. ही मोजणी मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने केली, ते समोर बसले होते. काही बोलले नाहीत. ताटात हात धुतला आणि आत गेले. मला वाटलं, झालं, दुखावले. पाच मिनिटांनी बाहेर आले ते एक जुनं लांबडं रजिस्टर घेऊन. सासरे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर कुठल्या गाडीला कुठला ड्रायव्हर, कुठला कंडक्टर, कोण रजेवर, कोण राखीव, हेच केलं. म्हणाले, "सूनबाई, ड्युटी लावायची होती तर घरात मी बसलो होतो ना."

मी काय बोलणार. चौदा वर्षं एका घरात राहतोय.

त्यांना रात्री तशीही झोप नसते. साडेअकरापासून ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. नळ खरखरला की आधी मिस्टरांना उठवतात, मिस्टर सेकंड शिफ्टला असतील तर थोरलीला, मला नाही. मोटर चालू, ड्रम, मग टाकी. सकाळी फ्रीजवर चिठ्ठी असते. आज किती नंबरचा दिवस, कोणाची कोणती ड्युटी. वार नाहीत. मागवाल्यांचं म्हणणं त्यांना एकदम पटलं, म्हणाले, "गाडी आल्याशिवाय टायमिंग सांगायचंच नसतं."

मागवाला

वा! कंट्रोलरच मिळाला तुम्हाला. चादरींचं काय केलं?

जुळे_सोलापूरची_सून

चादरी आता एका वेळी दोनच. पिळायला दोन माणसं, दोन टोकं धरून उलट्या दिशेने. हे काम मिस्टर आणि थोरलीचं. पिळताना दोघांची जी भांडणं होतात ती खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातात, पण चादर निथळते.

सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. मिस्टर फरशी पुसतात आणि पाठोपाठ सासूबाई, गुडघ्याला हात लावून, तीच फरशी परत पुसतात. म्हणतात, "तो पुसत नाही, फरशीला आशीर्वाद देतो." मी त्यांना म्हटलं, राहू द्या डाग दोन दिवस, नाहीतर तो कधी शिकणार. त्यांना ते बघवत नाही. परवा फरशीच्या वेळी त्यांना मुद्दाम मंदिरात पाठवलं सासऱ्यांबरोबर.

थोरली संडास धुवायला तयार नाही. तिच्याशी अजून बोलणी चालू आहेत. ती म्हणते भाऊ मोठा झाल्यावर त्याच्याकडून डबल करून घ्या. सिस्टरबाईंचं अ‍ॅसिड-ब्लिचिंगचं मी दोघांना समोर बसवून सांगितलं. खरं सांगायचं तर मी स्वतः दोन्ही एकत्र टाकायची, खोकला यायचा तेव्हा वाटायचं औषध कडक आहे.

ड्रमचा काठ मात्र हात लावून बघितला. बोटाला बुळबुळीत लागला. तळ आम्ही दर वेळी घासत होतो.

सिस्टरबाई

काठच. तीस वर्षं तेच बघितलं.

हिशेबी_वहिनी

आता तुमची किती कामं?

जुळे_सोलापूरची_सून

७. दोन मिस्टरांकडे गेली, दोन सासऱ्यांकडे. पाण्याला उठायचं धरून घरातली कामं आता २३ झाली, तेही त्यांच्याकडेच. लाइट बिल मी काम म्हणून मोजायचं सोडून दिलंय, त्यावर घरात हरकत आली आहे.

कालच्या रात्रीची रजिस्टरमधली नोंद जशीच्या तशी देते, अक्षर सासऱ्यांचं:

"पाणी आले ११:५२, गेले १:२०. ड्रम २ पूर्ण, टाकी पाऊण. मोटर उशिरा सुरू, कारण कर्मचारी (चिरंजीव) दोनदा हाक मारूनही गैरहजर. राखीव कर्मचारी (नात) हजर. चिरंजीवास उद्या जादा ड्युटी, जिना."

सकाळी मिस्टर जिना झाडत होते आणि वरून सासरे घड्याळ बघत होते.