अल्ब्युमिनची बाटली ताकदीसाठी नको

आजींचं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, तपासणीत कमी, २.६ आलंय, अशक्तपणासाठी एक बाटली लावून घ्यावी का, असं विचारलंय. कळकळीने सांगते, नुसत्या ताकदीसाठी लावू नका. अल्ब्युमिन आपलं यकृतच रोज १० ते १५ ग्रॅम बनवतं. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणं हे त्याचं मोठं काम. ते घटलं की पाय सुजतात, पोटात पाणी होतं. बाटलीने आकडा थोडे दिवस वर जाईल, पण मूळ कारण तसंच राहील.

खरी गरज कुठे असते, ते नाशिकला मामांच्या उशाशी बसून पाहिलंय. सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याचा आजार होता. पोटातून सात लिटर पाणी काढलं. इतकं पाणी काढलं की रक्तदाब उतरू नये, किडनी सांभाळली जावी म्हणून काढलेल्या दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन देतात. २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम असतं, म्हणून मामांना तीन लागल्या. पिवळसर, जरा दाट द्रव, सावकाश थेंब थेंब. मी रक्तगटाचा कागद घेऊन धावले होते, पण त्यात रक्तपेशी नसल्याने गट जुळवावा लागत नाही.

आजींच्या लघवीतून प्रथिनं जातात का, तेवढं आधी तपासून घ्या.